मुलांच्या औषधांसाठी फार्मासिस्टचा दवाखाना

नमस्कार श्रोतेहो.

10 किलोचं मूल तापानं फणफणलंय. पॅरासिटामॉलचा डोस एका वेळी किलोमागे साधारण 15 मिलिग्रॅम, म्हणजे या मुलाला 150. घरात ड्रॉप्स असतील, एका मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅमचे, तर दीड मिलिलिटर पुरे. 5 मिलिलिटरमध्ये 250 मिलिग्रॅमचं सिरप असेल, तर 3 मिलिलिटर. त्याच 5 मिलिलिटरमध्ये 120 असतील, तर सव्वासहा. मूल तेच, औषध तेच, पण माप प्रत्येक बाटलीला वेगळं. आणि रात्रीच्या घाईत कुणी ड्रॉप्सच 5 मिलिलिटर पाजले, तर पोटात 500 मिलिग्रॅम जातात, तिपटीहून जास्त! यकृताला इजा होऊ शकते ती अशा चुकांतून.

हे शांतपणे समजावून सांगायला कुणीतरी हवं. काही रुग्णालयांत त्यासाठी फार्मासिस्टचा स्वतंत्र दवाखाना चालतो. दमा, फिट्स, अवयव प्रत्यारोपण अशा दीर्घकाळ औषधं चालणाऱ्या मुलांना तिथं वेळ देऊन बोलावतात. निदान डॉक्टरच करतात. फार्मासिस्ट बघतो ते औषध घरी नीट पोचतंय का, एक औषध दुसऱ्याच्या आड येतंय का, वजन वाढलं तसा डोस बदलायला हवा का.

पण अशी सोय असते, हेच पुष्कळ आईवडिलांना ठाऊक नसतं. फार्मासिस्ट म्हणजे खिडकीतून औषध देणारा माणूस, एवढीच ओळख. मला वाटतं, यात पालकांचा काही दोष नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी देतानाच "आता यांना भेटा" असं सांगायला हवं. भिंतीवरच्या पाटीनं हे काम होत नाही.

आणि तिथं गेल्यावर कुटुंबाला काय हवं असतं? छापील पत्रक तर मिळतंच. हवं असतं ते करून दाखवणारं, आणि आपण करतो ते बघणारं माणूस. दम्याच्या पंपाचंच घ्या. स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी, लावून एका वेळी एकच फवारा, मग मुलानं सावकाश पाच-सहा श्वास घ्यायचे, दुसरा फवारा त्यानंतर. अनेक घरांत दोन फवारे लागोपाठ मारले जातात. स्पेसर धुऊन फडक्यानं पुसला, तर आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींना चिकटून बसतं. तो तसाच वाळू द्यायचा. पावडरीत पाणी घालून बनवायचं अँटिबायोटिक दर वेळी हलवलं नाही, तर औषध तळाशी बसतं आणि सुरुवातीचे डोस पातळच जातात. या गोष्टी ऐकून कळतात, पण हाताला वळण लागतं ते समोर केल्यावर.

शिवाय मनात घोळणारे प्रश्न असतात. डोस दिला आणि लगेच उलटी झाली, पुन्हा द्यायचा का? गोळी कुटून दिली तर चालेल? (काही गोळ्यांतून औषध हळूहळू सुटायचं असतं, त्या कुटायच्या नसतात.) दुपारचा डोस शाळेत कोण देणार? डॉक्टरांना एवढ्यासाठी कुठं त्रास द्यायचा, म्हणून हे विचारलंच जात नाही. खरं तर याच प्रश्नांसाठी हा दवाखाना असायला हवा, आणि घरी गेल्यावर काही अडलं तर फोन करायची सोयही.

तुमच्या रुग्णालयात अशी सोय आहे का, पुढच्या खेपेला विचारा. नसेल, तर औषध देणाऱ्या फार्मासिस्टशीच बोला. जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या, मापायची सिरिंज आणि मुलाचं ताजं वजन जवळ ठेवा. मूल कळतं असेल तर पंप त्याच्याच हातात द्या आणि त्यालाच घेऊन दाखवू द्या.