फॉर्मेलिनची बातमी

श्रोतेहो, नमस्कार.

मासळीबद्दलची बातमी कशी द्यावी, असा विषय निघाला की मला जुलै २०१८ मधलं मडगाव आठवतं. गोव्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. त्यामुळे त्या दिवसांत बाजारातली बरीचशी मासळी परराज्यांतून ट्रकने येते. १२ जुलैला पहाटे अन्न व औषध प्रशासनाने तिथल्या घाऊक बाजारात छापा घातला. जागेवरच्या झटपट चाचणीत कागदाची पट्टी मासळीवर घासतात, वर रसायनाचा थेंब टाकतात आणि रंग बदलला की संशय घेतात. तसा संशय आला, आणि मासळीत फॉर्मेलिन ही बातमी गोवाभर झाली. फॉर्मेलिन म्हणजे फॉर्माल्डिहाइड या विषारी वायूचं पाण्यातलं द्रावण, मृतदेह टिकवायला वापरतात ते. मागोमाग प्रशासनाचा खुलासा आला, प्रमाण मर्यादेत आहे, घाबरू नका.

आता गंमत बघा. मासळी टिकवायला फॉर्मेलिन वापरायला मुळात परवानगीच नाही. मग मर्यादा कुठली? आकडा किती? मासा कोणता? खुलासा छापण्याआधी एवढं तरी विचारायला हवं.

दुसऱ्या अंगानेही घोळ आहेच. समुद्री माशात ट्रायमिथाइलअमाईन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो. मासा मेल्यावर तो फुटतो आणि थोडं फॉर्माल्डिहाइड आपसूक तयार होतं, कुठल्या जातीत कमी, कुठल्या जातीत जास्त. आपला बोंबील तर यात फारच पुढे! म्हणजे 'सापडलं' एवढंच सांगून ते कुणी घातलं की माशातलंच, हे कळत नाही. पण म्हणून सगळी अफवा असं म्हणणंही खोटं. त्याच वर्षी जूनमध्ये केरळने 'ऑपरेशन सागर राणी'त फॉर्मेलिन मारलेली हजारो किलो मासळी पकडली होती.

गोवा सरकारने १८ जुलैपासून पंधरा दिवस परराज्यातल्या मासळीला बंदी घातली. पण धास्तावलेलं गिऱ्हाईक ट्रकची मासळी आणि खाडीतली मासळी असा भेद करत बसत नाही. शेवटी पाटी घेऊन बसलेल्या बाईचा माल पडून राहतो, आणि तिची बाजू घ्यायला कॅमेरा सहसा जात नाही.

मला सर्वांत खटकतो तो अशा बातमीवरचा फोटो. नमुना दूरवरून आलेल्या ट्रकमधला, आणि चित्र मात्र गावातल्या मासेविक्रेतीचं, समोर ताजी सुरमई, तोंड स्पष्ट दिसतंय. तिचा त्या नमुन्याशी काय संबंध? फोटो छापायचाच असेल, तर त्या ट्रकचा छापा.

नमस्कार.