कात्री शिकवलीत, आता रफू शिकवा

नमस्कार मंडळी. समोर बसलेले तुम्ही बहुतेक जण कृषी नाहीतर जीवशास्त्र शिकवता, तेव्हा क्रिस्पर, म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापून जनुक बदलायचं तंत्र, म्हणजे काय इथून सुरुवात करत नाही. विषय ठरलाय पदवीच्या प्रात्यक्षिकांचा. त्याआधी माझी एक जुनी तक्रार.

तोंडी परीक्षेत 'कॅस-९ म्हणजे जनुकीय कात्री' इथवर मुलं घडाघडा बोलतात. "बरं, कापलं. पुढं काय?" म्हटलं की शांतता. एक मुलगी म्हणाली, "सर, मग कात्री नवीन जनुक चिकटवते." तिचा काय दोष? फळ्यावर आपण कात्रीच काढतो! कात्री फक्त कापते हो. बदल होतो तो पेशी स्वतः ती चीर सांधते तेव्हा. घाईत टाके घातले तर डीएनएचं एखादं अक्षर गळतं, नाहीतर जास्तीचं घुसतं. सोबत नमुना दिला, तर तो बघून ती नीट रफू करू शकते. रफूवाल्याला समोर कापड लागतं, तसंच.

म्हणून मी वर्गात कागदाच्या पट्ट्या वाटतो. पट्टीवर वाक्य, शब्दांत जागा न सोडता: कमलवरणगरमकरत. प्रथिन बनवताना पेशी जनुक वाचते तसं तीन-तीन अक्षरांनी वाचा: कमल वरण गरम करत. आता 'ल' कापून टाका, सेलोटेप लावा, परत वाचा. कमव रणग रमक रत. पहिला शब्द 'कमव' निघतो म्हणून मुलं खूश होतात, आणि पुढं वाचताना अडखळतात. एकाच्या हातून एकदा चुकून 'गरम' अख्खा गेला. राहिलं 'कमल वरण करत', वाक्य धडधाकट! त्या दिवशी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "म्हणजे डीएनएची तीन अक्षरं गेली तरी प्रथिन शाबूत राहू शकतं?" वीस वर्षं शिकवतोय, पण त्या प्रश्नाचा आनंद अजून ताजा आहे.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. मग भराभर सांगतो.

भातावर पहिलं प्रात्यक्षिक नको. ऊतीसंवर्धनातच, म्हणजे पेशींपासून रोप वाढवण्यातच, सत्र संपेल. आधी परीक्षानळीत कॅस-९ने डीएनए कापून, तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर दोन पट्टे दाखवा, एका दुपारचं काम. मग यीस्ट. एडीई२ हे जनुक बंद पडलं की पांढऱ्या वसाहती लालसर होतात, डोळ्यांना दिसतं. कात्रीला जागा दाखवणाऱ्या गाइडची वीस अक्षरं आणि कापायला कॅस-९ला लागणारं पुढचं 'जीजी' मुलांनी स्वतः शोधावं, आयतं देऊ नका.

नियमही शिकवा. २०२२मध्ये केंद्रानं परका डीएनए न उरलेल्या एसडीएन-१ (नुसती कापून पेशीनं सांधलेली) आणि एसडीएन-२ (नमुना देऊन रफू केलेली) प्रकारच्या पिकांना जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या, पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली. मे २०२५मध्ये जाहीर झालेलं हैदराबादचं 'कमला' भात त्याच वाटेनं आलं: सांबा महसुरी या भाताच्या वाणातलं सीकेएक्स२ जनुक निकामी केलं, त्यानं लोंबीत दाणे वाढले.

आपली निम्मी मुलं शेतकऱ्यांची. सुट्टीत घरी गेली की वडील विचारणार, "हे बीटीसारखंच का?" बीटी कापसात जिवाणूचं जनुक आहे, 'कमला' भातात बाहेरचं काही उरलेलं नाही, एवढं तरी मुलाला बांधावर उभं राहून सांगता यायला हवं. पुढचा प्रश्न येणार, "बियाणं घरचं ठेवता येईल?" भात स्वपरागी, तेव्हा गुण टिकतील; पण पेटंटचं काय, हेही वर्गातच बोलून घ्या.

पट्ट्या मागच्या टेबलावर आहेत. जाताना घेऊन जा.