फाइलीत व्हीडीआरएल आहे, एचआयव्ही कुठाय?

(दृश्य: सरकारी रुग्णालय, केसपेपरच्या खिडकीसमोरची रांग)

एचआयव्हीचं निदान उशिरा झालेल्या माणसाची जुनी फाइल उलगडली, की बरेचदा आधीचे रिपोर्ट सापडतात. कधी व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिस या गुप्तरोगाची तपासणी. कधी कावीळ बीची, जिला आपल्याकडच्या कित्येक लॅब अजून ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’च म्हणतात. म्हणजे रक्त काढलं होतं, सुई टोचून झाली होती. एचआयव्हीचा विषय मात्र कुणी काढलाच नव्हता.

सिफिलिसचा व्रण सहसा दुखत नाही. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी उठतो आणि औषध न घेताही महिना-दीड महिन्यात बुजतो. माणूस म्हणतो, सुटलो बुवा! आजार आतच असतो. शिवाय व्रण असेपर्यंत एचआयव्हीला शरीरात शिरायला आयती वाट मिळालेली असते.

(दृश्य: पुणे, जुनी छायाचित्रं)

गुप्तरोगासोबत एचआयव्हीही असू शकतो, हे पुण्याने फार आधी दाखवून दिलंय. १९९३ ते १९९६ या काळात इथल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी झाली. संशोधक होते डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकारी. कोविडच्या दिवसांत टीव्हीवर दिसायचे तेच गंगाखेडकर. या स्त्रियांपैकी ३९१ जणी देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या. बहुतेकींचा संबंध फक्त नवऱ्याशी. तरीही त्यांच्यातल्या १३.६ टक्के जणींना एचआयव्ही होता.

(दृश्य: सुरक्षा क्लिनिक, टेबलावर रंगीत किट)

आज सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या दवाखान्यात, लक्षण बघून औषधांचं किट मिळतं. स्राव असेल तर करड्या रंगाचं, व्रण असेल तर पांढरं: त्यात पेनिसिलिनचं इंजेक्शन आणि ॲझिथ्रोमायसिनची गोळी. सोबत चिठ्ठी, ‘आयसीटीसीला जाऊन या.’ आयसीटीसी म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्र. तिथे समुपदेशन आणि चाचणी, दोन्ही मोफत. पण ती खोली कधी दुसऱ्या मजल्यावर, कधी पलीकडच्या इमारतीत. दारावरची पाटी वाचूनच काही जण मागे फिरतात. चिठ्ठी खिशातच राहते.

खाजगीत तर चिठ्ठीही नसते. ‘पेशंटला विचारायचं कसं?’ ही डॉक्टरांची अडचण खरी आहे. संमतीशिवाय चाचणी करायला २०१७चा कायदा मनाई करतो, आणि ते योग्यच आहे. पण संमती मागायला कायद्याची काहीच हरकत नाही.

आणखी एक गोम आहे. व्रण दिसतो तेव्हा एचआयव्हीची लागण ताजी असेल, तर प्रतिपिंडं शोधणारी चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, कारण ती शरीरात तयार व्हायला वेळ लागतो. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा यायचं असतं. समुपदेशक तारीख लिहून देतात, ‘बायकोलाही आणा’ म्हणतात. व्रण तोवर बुजलेला असतो. कोण येतो?

(दृश्य: गरोदर मातांची तपासणी, बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब)

मग कधीतरी बायकोला दिवस जातात. नाव नोंदवताना तिची एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ बी, सगळीच तपासणी होते. घरातला पहिला एचआयव्ही रिपोर्ट तिचा निघतो, आणि सासरी बोटही तिच्याकडेच दाखवलं जातं. नवऱ्याच्या फाइलीतल्या जुन्या व्हीडीआरएलबद्दल तिला कुणी सांगितलेलंच नसतं.