एकशे सत्तावीस एक्के

फळ्यावरची संख्या वाचायच्या भानगडीत पडू नका: १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. ३९ अंक आहेत. म्हणजे २ चा १२७ वा घात, वजा १. द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) लिहिली तर ओळीने १२७ एक्के, बस्स. ही संख्या मूळ आहे हे फ्रान्सच्या एदुआर ल्युका यांनी १८७६ साली ठरवलं, तेही हाताने आकडेमोड करून. पुढची ७५ वर्षं हिच्याहून मोठी मूळसंख्या कुणाला ठाऊक नव्हती. १९५१ मध्ये तो विक्रम मोडला, पण यंत्र हाताशी घेऊन.

आता, भाग जातो का ते एकेक विभाजक घेऊन पाहायचं म्हटलं तर? थोडी सूट मिळते. १२७ स्वतः मूळ असल्यामुळे या संख्येचा कुठलाही विभाजक २५४ च्या पटीहून १ ने जास्तच असावा लागतो. (२ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७. तिचे विभाजक २३ आणि ८९, दोन्ही २२ च्या पटीहून १ ने जास्त. घरी करून बघा.) एवढी सूट घेऊन, सेकंदाला एक तपासत गेलात, तरी वर्गमुळापर्यंत पोचायला दीडशे कोटी वर्षांहून जास्त लागतील.

ल्युकांनी विभाजक शोधलेच नाहीत. त्यांच्या कसोटीचं आज वापरतात ते रूप अमेरिकन गणिती लेहमर यांनी नंतर सोपं केलेलं आहे. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. ३१ घेऊ, म्हणजे २ चा ५ वा घात वजा १. ४ वरून १४. १४ वरून १९४, बाकी ८. ८ वरून ६२, बाकी शून्य. तीन पायऱ्यांत शून्य, म्हणून ३१ मूळ. घात १२७ असेल तर पायऱ्या १२५. शेवटी शून्य आलं तर मूळ, नाही आलं तर नाही.

पण ३९ अंकी संख्येचे १२५ वर्ग आणि तितकेच भागाकार? इथे ते एक्के कामी येतात. २ च्या १२७ व्या घाताला या संख्येने भागलं की बाकी १ उरते. म्हणून द्विमान पद्धतीत वर्ग करताना १२७ व्या घरापलीकडे गेलेले अंक सरळ पहिल्या घरापासून पुन्हा मिळवायचे. ९ च्या कसोटीत अंकांची बेरीज चालते, त्याच कारणाने. भागाकार करावाच लागत नाही. ल्युका यासाठी बुद्धिबळाच्या पटासारखा १२७ बाय १२७ घरांचा पट वापरत. मला या सगळ्या प्रकरणात हा पटच सगळ्यात आवडतो.

२ चा कितवा घात घेऊन १ वजा केला की मूळसंख्या मिळते, याची यादी फ्रेंच धर्मगुरू मेर्सेन यांनी १६४४ मध्ये दिली होती. तिच्यात १२७ होता, हे खरं. पण ६७ आणि २५७ही होते, ते चूक. आणि ६१, ८९, १०७ राहूनच गेले होते. तेव्हा श्रेय जरा हात राखूनच द्यावं. ६७ ची चूक ल्युकांनीच पकडली, एकही विभाजक हाती नसताना. २ चा ६७ वा घात वजा १, हिचे ते विभाजक १९०३ मध्ये अमेरिकन गणिती कोल यांनी मांडले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७.

आणखी एक गंमत. २ चा २ रा घात वजा १ म्हणजे ३. ३ रा घात घेतला की ७, ७ वा घेतला की १२७, आणि १२७ वा घेतला की आपली संख्या. सगळ्या मूळ. पुढची पायरी? २ चा घात म्हणून ही ३९ अंकी संख्याच घ्यायची. येणाऱ्या संख्येत अंक किती, हे सांगायलाच ३८ अंकी संख्या लागते. ल्युकांची कसोटी तिलाही लागू पडते, पण पायऱ्याच इतक्या की कुठल्याही संगणकाच्या आवाक्याबाहेर. छोटे विभाजक शोधून झाले, सापडले नाहीत. ती मूळ आहे की नाही, हा प्रश्न अजून उघडा आहे.