शनिवारी मुलांना न्यायचं कुठे?

नमस्कार मंडळी. आज न्यू जर्सीतल्या मर्सर काउंटीच्या पार्कांबद्दल बोलू. वेस्ट विंडसर, रॉबिन्सव्हिलकडची आपली बरीच मंडळी मर्सर काउंटी पार्कला जातात ती क्रिकेटसाठी. तिथे तळं आहे, होड्या आहेत, हिवाळ्यात स्केटिंग आहे. ते तुम्हाला ठाऊक आहेच. मला सांगायचंय ते हॉवेल फार्मबद्दल. होपवेल टाउनशिपमधलं हॉवेल लिव्हिंग हिस्टरी फार्म. हेही काउंटीच्याच पार्क कमिशनचं.

१९७४ साली इनेझ हॉवेल या बाईंनी आपली शेती नवऱ्याच्या स्मरणार्थ काउंटीला दिली. जुनी शेती लोकांनी, विशेषतः मुलांनी, नुसती बघू नये, करून बघावी, ही त्यांची इच्छा. म्हणून तिथे अजून १९०० च्या आसपासची शेती चालते. घोडे आणि बैल. ट्रॅक्टरची फटफट नाही.

तर आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, वाईकडचे. सहा महिन्यांसाठी आले आणि दुसऱ्याच आठवड्यात कंटाळले. मॉलमध्ये नेलं तर बाकावर बसून राहायचे. (मॉल ही काय माणसांना न्यायची जागा आहे का, पण ते असो.) एका शनिवारी त्यांना हॉवेल फार्मवर नेलं. बैलजोडी दिसली आणि अण्णा तरातरा पुढे! आधी बैलाची मान चाचपली. "याला वशिंडच नाही, मग जू अडकतं कुठं?" मी इंग्रजीत विचारलं. शेतकऱ्याने मानेखालून वर जाणारी लाकडी कमान दाखवली, जिथे आपल्याकडे शिवळा, म्हणजे जुवाच्या खुंट्या, असतात तिथे. मग अण्णांनी नाक बघितलं. वेसण नाही. कासरा नाही. तो माणूस शेजारून चालतो आणि नुसता बोलतो. "जी" म्हटलं की बैल उजवीकडे, "हॉ" म्हटलं की डावीकडे. वासरू असल्यापासून शिकवलेले. अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "आपल्या घरात एवढं कोण ऐकतं?"

शेवटी त्याने नांगर अण्णांच्या हातात दिला. आपल्या नांगराला रुमणं, म्हणजे धरायचा दांडा, एक, याला दोन. अण्णांनी सवयीने दाब दिला आणि नांगर आडवा! दोघंही खदाखदा हसले. शेतकऱ्याने खुणेने सांगितलं, दाबू नका, नुसतं धरा. पुढची नांगराची रेघ काढली ती दोरी लावल्यासारखी सरळ. नातू मागून ढेकळं तुडवत, बूट चिखलाने भरलेले. त्यानंतर दर शुक्रवारी रात्री अण्णांचा प्रश्न ठरलेला: उद्या गाडी कोण काढणार?

हं, माहिती राहिलीच. प्रवेशाला पैसे नाहीत, पुन्हा सांगते, प्रवेशाला पैसे नाहीत. काही खास कार्यक्रमांना तेवढं तिकीट असतं. शनिवारी जा, कारण मुख्य कामं शनिवारीच असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये मेपलचा पाक करतात. साधारण चाळीस गॅलन रस आटवावा तेव्हा कुठे एक गॅलन पाक हाती येतो. गुऱ्हाळ बघितलेल्यांना गंमत वाटेल. निघण्यापूर्वी वेळ मात्र बघून घ्या.

तर शनिवार, हॉवेल फार्म आणि पायात जुने बूट. "पण शनिवारी गणिताचा क्लास असतो," असं सांगायला कृपया मला फोन करू नका.