दोन पीक आले म्हणजे माल खराब नसतो

रबाळे स्टेशनला उतरून ठाणे-बेलापूर रोडला लागलं की एमआयडीसी, आणि तिथल्याच एका लॅबमधली ही खोली, एसी फुल्ल, मधोमध 400 मेगाहर्ट्झचा एनएमआर, म्हणजे रेणूतल्या प्रत्येक वेगळ्या जागेच्या हायड्रोजनसाठी ग्राफवर एक टोक, एक पीक, दाखवणारं चुंबकाचं मशीन. मी नवीन असताना इथेच माझ्या एका अमाइडचे (कार्बोनिलला, म्हणजे सी=ओ ला, नायट्रोजन जोडलेला रेणू) पीक डबल आले होते. सिनियर म्हणाले, इम्प्युअर आहे, परत कॉलम लाव, म्हणजे नळीतून सोडून शुद्ध कर. दोनदा लावला, दोन्ही वेळा तेच डबल पीक, आठवडा गेला, आणि माल पहिल्यापासून शुद्धच होता हो!

म्हणून आज साधं डीएमएफ घेतलंय, तेही अमाइडच, सॉल्व्हंट म्हणून आमच्याकडे ड्रमने येतं ते. नायट्रोजनवर दोन मिथाइल (सीएच3), अगदी सारखे, मग पीक एकच यायला हवा ना? पण स्क्रीनवर बघा, ग्राफच्या आडव्या पट्टीवर 2.73 आणि 2.89 पीपीएमला, चक्क दोन. नायट्रोजनची इलेक्ट्रॉनची जोडी कार्बोनिलकडे ओढली जाते, त्यामुळे कागदावर सिंगल काढतो तो सी-एन बाँड खरं तर अर्धवट डबल असतो आणि सहज वळत नाही, एक मिथाइल ऑक्सिजनच्या बाजूला अडकतो, दुसरा हायड्रोजनच्या. मोलला साधारण 88 किलोज्यूलचा अडथळा, म्हणजे रूम टेंपरेचरला एक रेणू काही मिनिटांतून एखादवेळी वळणार. गुटोव्स्की आणि होम यांनी 1956 सालीच एनएमआरवरून हा वळण्याचा वेग मोजला होता.

आता तापवूया, म्हणजे हा वळण्याचा वेग वाढेल. प्रत्येक वेळी टेंपरेचर स्थिर होईपर्यंत थांबायचं, मग परत शिम करायचं, म्हणजे चुंबकाचं क्षेत्र एकसारखं करायचं, घाई केली की सगळं वाया. तोवर एक सांगते, इथे खाडीच्या डासांसाठी अंगाला लावायच्या काही औषधांत असतं ना, ते डीट पण अमाइडच, पण त्याचा अडथळा बराच कमी, म्हणून त्याचे इथाइलचे पीक रूम टेंपरेचरलाच पसरट दिसतात.

110 डिग्री. बुंधे थोडे जाड झाले. 130, दोघं एकमेकांकडे झुकतायत, मधली दरी भरत चाललीय. आणि 150 च्या आसपास बघा, एकच बसकी टेकडी! मिथाइल इतक्या भराभर जागा बदलतात की मशीनला दोन जागा वेगळ्या दिसतच नाहीत. जुन्या 60 मेगाहर्ट्झच्या मशीनवर हेच 120 च्या जवळपास व्हायचं, कारण तिथे दोन पीकमधलं हर्ट्झमधलं अंतरच कमी. ते अंतर गुणिले 2.22, की त्या टेंपरेचरला रेणू सेकंदाला किती वेळा वळतोय ते मिळतं, आमचं अंतर 0.16 पीपीएम गुणिले 400, म्हणजे 64 हर्ट्झ, त्यावरून साधारण 142 वेळा.

आता हीटर बंद. ट्यूब तीच, सॅम्पल तेच. गार होऊ दे... आले परत, दोन्ही, 2.73 आणि 2.89.