सर्व्हिसमागून नेटकडे

(दृश्य: सकाळची वेळ, क्लबचं टेनिस कोर्ट. चौघांची दुहेरी रंगात आलेली.)

सर्व्हिस करायची, तिच्या मागोमाग नेटकडे धावायचं आणि आलेला रिटर्न टप्पा पडण्याआधीच व्हॉलीवर घ्यायचा. सर्व्ह अँड व्हॉली म्हणतात ते हेच. हौसेनं खेळणारी मंडळी मात्र या वाटेला फारशी जात नाहीत. "आपल्या सर्व्हिसला तेवढा जोर कुठाय?" म्हणत बेसलाइनवरच, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवरच, थांबतात.

त्यांनी स्टेफान एडबर्गचे जुने सामने जरूर बघावेत. स्वीडनच्या या खेळाडूनं १९८८ आणि १९९० चं विम्बल्डन जिंकलं, दोन्ही वेळा अंतिम सामन्यात बोरिस बेकरला हरवून. त्या दोघांत तोफखाना बेकरकडे होता. एडबर्गची किक सर्व्हिस, म्हणजे फिरकी देऊन उसळवलेली सर्व्हिस, त्यामानानं सावकाश जायची, पण टप्पा पडताच उसळून उजव्या हातानं खेळणाऱ्याच्या बॅकहँडवर उंच चढायची. तिथून जोरकस रिटर्न मारणं अवघड, आणि तोवर एडबर्ग नेटजवळ हजर!

बेसलाइनपासून नेट ३९ फुटांवर, तर सर्व्हिस लाइन, म्हणजे सर्व्हिसच्या चौकोनाची मागची रेषा, नेटपासून २१ फुटांवर. म्हणजे सर्व्हिस लाइन गाठायलाच १८ फूट धावायचं. वेळ मिळतो तो चेंडू पलीकडे जाऊन परत येईपर्यंतचा. सपाट, सणसणीत सर्व्हिस समोरच्यानं नुसती अडवली तरी झटकन परत येते आणि आपण वाटेतच सापडतो. फिरकी दिलेला चेंडू हवेत जास्त वेळ राहतो, तेवढीच दोन पावलं पदरात पडतात. हौशी खेळाडूला हीच सर्व्हिस जास्त उपयोगी, असं माझं ठाम मत आहे.

(दृश्य: पायांचा क्लोजअप, संथ गतीत.)

आता पाय बघा. समोरच्याची रॅकेट चेंडूकडे निघाली की धाव आवरायची, जिथे असाल तिथे. छोटीशी उडी, दोन्ही पाय जमिनीवर, गुडघे सैल. हा स्प्लिट स्टेप. इथून डावीकडे, उजवीकडे, कुठेही निघता येतं. पळत पळतच व्हॉली मारायला गेलं, की चेंडू पायाशी येतो आणि नेटमध्ये जातो.

पहिली व्हॉली पॉइंट संपवण्यासाठी नसते. चेंडू बहुधा खाली आलेला असतो, म्हणून गुडघ्यात वाकायचं, रॅकेट मागे न नेता अंगाच्या पुढे चेंडू घ्यायचा आणि एकेरीत तो मधोमध, खोल ढकलायचा. नेट मध्यभागी ३ फूट आणि खांबांजवळ साडेतीन फूट उंच असतं. मधून खेळलं की ते सहा इंच आपल्या बाजूनं. सर्व्हिससुद्धा 'टी'वर (सर्व्हिस लाइन आणि मधली रेषा मिळतात तिथे) किंवा थेट अंगावर टाकावी, म्हणजे समोरच्याला कोन मिळत नाही.

टीव्हीवर हा खेळ आता क्वचित दिसतो. २००१ मध्ये विम्बल्डननं पूर्णपणे राय गवताची कोर्टं केली आणि चेंडू जास्त उसळू लागला. पॉलिएस्टरच्या तारांमुळे टॉपस्पिनचे (पुढे फिरत झपकन खाली येणारे) पासिंग शॉट, म्हणजे नेटवरच्या खेळाडूच्या बाजूनं काढलेले फटके, मारणंही सोपं झालं. २००२ च्या ह्युइट-नालबांदियान अंतिम सामन्यात तर एकाही पॉइंटला सर्व्ह अँड व्हॉली झाली नाही. पण आपल्या क्लबात असे पासिंग शॉट मारणारे किती? इथे नेटवर येणारा माणूस दिसला की चांगल्या चांगल्यांचा रिटर्न गडबडतो.

आपल्याकडे खरा त्रास लॉबचा, म्हणजे डोक्यावरून उंच मारलेल्या चेंडूचा. दुहेरीत तो नेटवरच्या जोडीदाराच्या डोक्यावरून येतो. तेव्हा सर्व्हिस करून पुढे निघालेल्यानं तिरकं मागे पळून चेंडू गाठायचा आणि जोडीदारानं लगेच बाजू बदलायची. हाक आधी, मोठ्यानं द्यायची: "स्विच!" आणि परतीचा चेंडूही उंच, खोल लॉबच मारायचा, म्हणजे दोघांना पुन्हा नेटवर यायला वेळ मिळतो.